डावखुरा हिरो

३ फेब्रु., मंगळ.
वैशाखरे गावातल्या हॉटेलवाल्याचा पुन्हा फोन. माळशेजला जाणारी गिऱ्हाइकं थांबतात, त्यांच्यासाठी दारात शोभेला बापूंचं सिनेमाचं मशीन मांडायचंय. "चालू नसलं तरी चालेल." बापू लगेच हो म्हणाले. मीच म्हटलं, कळवते. बापूंचं तंबू टॉकीज माझ्या जन्माआधीच बंद पडलं. किन्हवली, डोळखांब, पार मुरबाडपर्यंत बैलगाडीतून हे धूड नेत म्हणे. मी ते चालताना कधी पाहिलेलंच नाही.
खाटेखालून पेटी ओढली. आत झुरळं. भिंग मात्र लख्ख. सोबत डब्यात एक रीळ, परत करायचं राहून गेलेलं. मशीन उचलून दुकानात आणलं, शिलाईच्या टेबलावर.

५, गुरु.
सोमीकाकी आली, डोळखांबच्या आदिवासी पाड्यावरची. नातीचा फ्रॉक शिवायला टाकला. मशीन बघून हसली. "हा तुझ्या बापाचा ना गो? याच्यावर शिनेमा बघितलाय मी. त्या डावखुऱ्या हिरोचा."
कुठला? नाव माहीत नाही. तलवार डाव्या हातात, जेवायचा पण डाव्या हातानं.
घरी बापूंना विचारलं. "डावखुरा? असा कोणी हिरोच नव्हता."
दोघांपैकी कोणीतरी चुकतंय. कोण?

६, शुक्र.
सापडलं! कापडावर छापील अक्षरं होती, कापता कापता उजेडाकडे धरलं. मागून सगळी अक्षरं उलटी. म्हणजे काकी पडद्याच्या उलट्या बाजूला बसली होती! उजवा हात डावा दिसणारच. दुकानात एकटीच हसत बसले.
जेवताना बापूंना सांगितलं. ते हसले नाहीत. "मागचं तिकीट स्वस्त असायचं." अर्धी भाकरी टाकून उठले.

८, रवि.
हॉटेलवाल्याकडून अजून आठवडा मागून घेतला. एकदा तरी चालवून बघायचंच. रबरी पट्ट्याचा पार भुगा झालाय. माझ्या शिलाई मशीनचा जुना चामडी पट्टा कापून जोडला. बसला! बल्ब शहापूरला मिळाला, लग्नाचं शूटिंग करणाऱ्याच्या जुन्या दिव्यातला. तारेनं आवळला. मशीन घरी नेऊन बटण दाबलं. टकटकटकटक…
बापू आतून जवळजवळ धावतच आले. "थांब, रीळ फाडशील!" फिल्म त्यांनीच घातली. न चुकता.

१०, मंगळ.
काकी फ्रॉक न्यायला आली. म्हटलं, शुक्रवारी संध्याकाळी अंगणात दाखवणारोत, ये. या वेळी समोर बस, हिरो उजव्या हाताचा दिसेल. गमतीनं बोलले मी.
ती फ्रॉकची घडी घालत म्हणाली, "स्वस्त म्हणून मागं नाय बसलो आमी. एकदा समोरच्या तिकिटाचं पैसं होतं. माझ्या बापानं मुठीत धरलेलं. तुझा बाप बोलला, पाड्याची माणसं मागं."
मी विचारलं, "येशील ना?"
"तू बोलवतेस का तुझा बाप?"
"मी."
"मग नको गो." फ्रॉक पिशवीत घातला नि गेली.
रात्री बापूंना सगळं सांगितलं, एक शब्द न गाळता. "सगळेच तंबूवाले तसंच बसवीत. नायतर समोरचे उठून गेले असते." मग दिवा मालवता मालवता म्हणाले, "तिच्या बापाचं नाव काय?"
मला माहीत नव्हतं.

१३, शुक्र.
दाखवला. अंगणात चादर बांधली, शेजारची चार डोकी आली. दिवेलागण झाल्यावर सुरू. आवाज घोगरा, चित्र थरथरतं, पण चाललं!! तलवारींची मारामारी. मी मशीनकडेच जास्त बघत होते, एवढ्याशा भिंगातून एवढा माणूस कसा निघतो म्हणून.
मध्येच बापू म्हणाले, "जरा बघ इकडं." मशीन माझ्यावर सोडून चादरीमागे गेले. चादरीखालून त्यांच्या चपला तेवढ्या दिसत होत्या. रीळ संपेपर्यंत तिथून हलले नाहीत.
आल्यावर विचारलं, काय दिसलं?
"दिसतं सगळं." चादर सोडताना पुन्हा म्हणाले, "मशीनचा उजेड थेट डोळ्यात येतो."

१४, शनि.
उठले तर बापू घरात नाहीत. इस्त्रीचा सदराही नाही. स्टँडवरचा चहावाला म्हणाला, डोळखांबच्या गाडीत बसले. पाड्याला कुठं उतरायचं, कंडक्टरला विचारत होते.
हॉटेलवाल्याचा फोन. बापू आल्यावर सांगते म्हटलं.
दुपारची गाडी आली, तिच्यात नव्हते. सोबत पाण्याची बाटलीसुद्धा नेलेली नाही. दुकान लवकर बंद करून संध्याकाळच्या गाडीला स्टँडवर जाते. काय विचारायचं, ते अजून ठरलेलं नाही.