धाकटीची टेप

दादा, टेपरेकॉर्डरच्या मोटरीतला बारीक स्क्रू फिरवून तुम्ही जे करत होता, ते आता मी कॉम्प्युटरवर एक आकडा बदलून करते. धाराशिवच्या माझ्या घरात मागच्या खोलीत की-बोर्ड, माईक आणि कॉम्प्युटर मांडलाय. भिंतींना गोधड्या टांगल्यात, आवाज घुमू नये म्हणून. ते तुमच्याकडूनच शिकले. जयंती जवळ आली की गायन पार्टीची पोरं येतात आणि गाणी भरून नेतात. की-बोर्डात बासरी आहे, सनई आहे, मागाल ते आहे. तुमची पेटी मात्र माय आणि माझ्याशिवाय आता कुणालाच ठाऊक नाही.

पेटी कसली, बिस्किटाचा पत्र्याचा डबा. तुम्ही माकणीच्या दूध सोसायटीत मशीनवर होतात. त्या दुष्काळात लोकांनी जनावरं बाजारात नेली, दूध आटलं, मशीन थंड पडलं आणि तुम्ही दिवसभर घरी बसायला लागलात. लोकांचे रेडिओ दुरुस्त करताना उरलेल्या सामानातून तुम्ही ती जुळवलीत. डब्यावर दारावरच्या घंटीची बटणं बसवली होती. बटण दाबलं की कुणी नाकातून गुणगुणल्यासारखा सूर निघायचा. तुमची थोरली लेक मी, तेव्हा तुमच्या गायन पार्टीत कोरसला उभी राहत होते, धाकटी अजून शाळेतही जात नव्हती. पेटी तिचीच झाली. वाटेल ती बटणं दाबत ती स्वतःच जुळवलेलं गाणं म्हणायची, ‘टँकर आला, टँकर आला, माझी घागर कुठं गेली?’ माय भाकरी थापता थापता म्हणायची, “गेली असंल टँकरसंगं फिरायला.” धाकटीला ते खरंच वाटायचं, ती दारात जाऊन बघून यायची.

मग लोहाऱ्याच्या कुण्या मास्तरांचा टेपरेकॉर्डर तुमच्याकडं दुरुस्तीला आला. धाकटी मागंच लागली, माझं गाणं भरा म्हणून. तुम्ही म्हणालात, “पट्टा तुटलाय गं त्याचा. नवा आणला की पहिलं तुझंच भरू.” पट्टा यायच्या आधी तिला उलट्या सुरू झाल्या. टँकर आला नव्हता, आम्ही विहिरीच्या तळचं पाणी प्यालो होतो. जीपनं लोहाऱ्याच्या दवाखान्यात नेलंत. परत आलात तेव्हा मायनं तिला मांडीवर धरलं होतं आणि तिच्या तोंडावर पदर टाकला होता. मी दारात उभी होते.

त्यानंतर माय भिंतीकडं तोंड करून पडायला लागली. शेजारच्या बाया पाणी आणून ठेवायच्या, भाकरी मी थापायची. ताटातली भाकरी तशीच राहायची. शेवटी मामा येऊन तिला थोडे दिवस माहेरी घेऊन गेला. त्याच दिवसांत पट्टा आला. तुम्ही मशीन जोडलंत, त्यात कुणाचंतरी भाषण वाजवून बघितलंत आणि डोकं धरून बसलात. दुसऱ्या दिवशी दुपारी दार लावून घेतलंत, भिंतीला गोधड्या टांगल्यात आणि मला समोर बसवलंत.

“तिचं गाणं म्हण,” तुम्ही म्हणालात. “लई सावकाश म्हण. पर तू म्हणतीस असं न्हाय. ती म्हणतीय, असं.”

मी म्हटलं. तुम्ही पेटी खालच्या सुरात लावून तिच्यासारखी वेडीवाकडी बटणं दाबत होता. मग स्क्रू फिरवून मोटरीचा वेग वाढवलात आणि टेप लावलीत, तसा माझा आवाज बारीक, लहान पोरीचा झाला. दादा, ती बोलली. त्या खोलीत, आपल्या दोघांच्या मध्ये, धाकटी टँकर आला म्हणत होती. मी उठून दाराला पाठ लावून उभी राहिले. तुम्ही मात्र ते परत परत लावत होता, आणि तुमचा चेहरा बघून मला जास्त भ्या वाटलं.

माय आली त्या दिवशी तुम्ही टेपरेकॉर्डरचं बटण दाबलंत. ती उंबऱ्यातच खाली बसली. तिनं विचारलं, “हे कवा भरलं?” तुम्ही म्हणालात, “तवाच. इसरलो होतो. सापडलं.” त्या दिवशी माय जेवली. मास्तरांनी ते मशीन आपल्याकडंच राहू दिलं. मग रोज दुपारी ती टेप लावायची, उठायची, चूल पेटवायची, आणि एक दिवस घागर घेऊन स्वतः टँकरवर गेली. तुम्ही मला परसात नेऊन म्हणालात, “आता तू गायचं न्हाय. घरात न्हाय, पार्टीत बी न्हाय. तुझा आवाज ऐकला की तिला कळंल.” मी व्हय म्हणाले. शाळेत प्रार्थनेलाही मी नुसते ओठ हलवायची. आपल्या गळ्यात आता धाकटी राहते, आपण तोंड उघडलं तर तीच बाहेर येईल, असं मला खरोखर वाटायचं.

पुढचं तुम्हाला ठाऊक नाही. तुम्ही सामान आणायला लोहाऱ्याला गेला होता. माय जोंधळे निवडत बसली होती. मी टेप लावायला उठले तर ती म्हणाली, “ऱ्हाऊ दे मशीन. तूच म्हण.”

तुम्ही येताय का म्हणून मी दाराकडं बघितलं.

“ओळ धरायच्या आधी तू नाक ओढतीस,” ती सुपावरची नजर न काढता म्हणाली. “टेपात बी ओढलंयस. पैल्या दिसापासून ठावं हाय मला. दोगी बी माझ्याच लेकी. मला कळायचं न्हाय व्हय?”

“मग रोज कशाला ऐकतीस?”

“तुझ्या दादांनी केलंय न्हवं एवढं. म्या ऐकलं न्हाय तर ते कुणाच्या तोंडाकडं बघतील?” मग सूप बाजूला ठेवून म्हणाली, “त्यांना सांगू नकोस. म्हण आता. तुझं म्हण, तिचं नको.”

मी गायले. आवाज फाटत होता, तरी माय ऐकत राहिली. तेव्हापासून तुम्ही बाहेर असलात की मी तिच्यापुढं गायची. तुमच्या सायकलची घंटी वाजली की मी गप्प व्हायची आणि माय टेप लावायची. तुम्ही आत येऊन तिला ऐकताना बघायचात आणि निवांत होऊन चहा मागायचात. पुढं ती टेप मशीनमध्ये गुंतून तुटली. तुमच्या शेवटच्या दुखण्यात, सोलापूरच्या दवाखान्यात, तुम्ही माझा हात धरून म्हणालात, “मायला कवाच कळू देऊ नको.” मी मान हलवली.

आता माय माझ्याजवळ असते. तिला दिवस, माणसं काही नीट आठवत नाहीत. गेल्या आठवड्यात एका गाण्याला लहान पोरीचा आवाज हवा होता. पोरगी आली नाही, म्हणून मीच म्हटलं आणि कॉम्प्युटरवर आवाज बारीक केला. वाजवला, तर पलीकडच्या खोलीतून माय म्हणाली, “आली का गं? उन्हातनं आत ये.”

मी दारात गेले. तिनं माझ्या अंगावरून मागं, रिकाम्या खोलीकडं बघितलं आणि ती हसली. दादा, एवढ्या वर्षांनी तुमची टेप तिला खरी वाटली. मग तिनं मलाच विचारलं, “आन् थोरली कुठं गेली?”

“टँकरवर,” मी म्हणाले.

“बरं,” म्हणाली, आणि झोपली.

आज तिनं पुन्हा विचारलं, म्हणून हे लिहायला बसले. तुमच्यापर्यंत ते जायचं नाही, तेव्हा एक सांगून टाकते. धाकटीचा खरा आवाज मला आठवत नाही. आठवायला गेले की माझाच येतो.