जानवासमची जीप

८ एप्रिल १९६२, रविवार. सकाळ.
ट्रकचा मागचा ॲक्सल अखेर घरी आला. डिस्पोजलच्या लिलावातला, लढाईच्या वेळच्या पाऊण टनी ट्रकचा. चार हमालांनी धापा टाकत अंगणात ठेवला. सौ.चं तुळशीवृंदावन दोन हात सरकवावं लागलं. हा ॲक्सल आपल्या जीपला बसवणार. जीपचा मूळ ॲक्सल म्हणजे शेवग्याची शेंग.

कारण उघड आहे. आमच्या विद्युलतेचं लग्न १७ मे रोजी, मद्रासच्या नुंगंबाक्कममध्ये. मुलाकडचे तंजावरचे मराठी. त्यांच्यात इथल्या रीतीप्रमाणे लग्नाच्या आदल्या संध्याकाळी नवरदेवाला सूटबूट घालून, उघड्या मोटारीत बसवून देवळापासून मंडपापर्यंत मिरवतात. जानवासम म्हणतात त्याला. मोटार मुलीच्या बापाने आणायची. सगळे भाड्याची आणतात. मी सगळ्यांतला नाही.

संकल्प : १ मेपर्यंत जीप तयार. नवरदेव असा उंच दिसला पाहिजे की मद्रासने मान वर करून बघावं.

विद्यू म्हणाली, बाबा, भाड्याचीच आणा ना. एकदाच म्हणाली. नंतर बोलली नाही. म्हणजे पटलं.

१० एप्रिल.
सौ.ची भुणभुण. विद्यूला सव्विसावं लागलं, आधीची दोन स्थळं मोडली, हे तिसरं मोडलं तर पोरगी पुन्हा उभी राहायची नाही, वगैरे. पहिल्या मुलाला मी फक्त कार्बुरेटर समजावून सांगितला होता. त्याने पत्रिकेचं निमित्त काढलं. दुसऱ्याच्या वडिलांना स्कूटरवरून फिरवून आणलं. त्यांचं खांद्याचं हाड मुळातच कच्चं होतं. या मुलात मला तसा दोष दिसत नाही. पद्मनाभ नाव, कॉलेजात गणित शिकवतो. विद्यूशी दोनदा बोलला आणि दोन्ही वेळा ती हसली. आमच्या घरात ती हसल्याचं मला आठवत नाही. गंभीर स्वभाव माझ्यावरून आला आहे.

१५ एप्रिल.
सुब्बा मेकॅनिकला बोलावलं. अंबत्तूरच्या रस्त्यावर पत्र्याच्या शेडमध्ये ट्रक दुरुस्त करतो. शिक्षण तिसरी. मी इथे आवडी गावच्या लष्करी डेपोच्या स्टोअर्समध्ये बावीस वर्षं सुट्या भागांची कार्डं लिहितो आहे. कुठल्याही ॲक्सलचा पार्ट नंबर झोपेत सांगेन. पण स्पॅनर धरायला कुणीतरी लागतं.

त्याने मापं घेतली आणि मान हलवली. वेंडाम सार. नको. जीपचा इंजिनाकडचा शाफ्ट उजवीकडून येतो, या ॲक्सलचा गोळा, म्हणजे शाफ्ट जोडायचा गिअरचा डबा, डावीकडे आहे, दोन्ही जुळायचे नाहीत, परत देऊन टाका.

मी दहा मिनिटं विचार केला आणि सांगितलं, ॲक्सल पालथा घाल. गोळा आपोआप उजवीकडे येईल. सुब्बा आ वासून बघत राहिला. माझ्या डोक्याची झेप पाहून लोकांचं असं होतं. मग तो खाली बसून हाताने शाफ्ट फिरवून काहीतरी दाखवू लागला. पालथा घातला तर चाकं उलटी फिरतील, म्हणे. मी कॉफी पीत होतो, नीट पाहिलं नाही. बावीस वर्षांत चाकं उलटी फिरल्याचा एकही रिपोर्ट माझ्या टेबलावर आलेला नाही, एवढं त्याला ऐकवलं. सरि सार, म्हणाला. अडाणी माणसाशी वाद घालू नये, एकदाच दटावावं.

२२ एप्रिल.
जीपचा जुना ॲक्सल काढला आणि भंगारवाल्याला देऊन टाकला. मोहीम फत्ते करायची तर परतीचे दोर कापावे लागतात. सुब्बाने कपाळाला हात लावला. ऊन फार आहे.

२९ एप्रिल.
बसला!! वेल्डिंग सुब्बाने केलं, देखरेख मी केली, छत्री धरून. ट्रकची चाकं दोन्ही बाजूंनी वीतभर बाहेर आलीत. जीप मागून छातीइतकी उंच झाली, पुढून होती तिथेच. पुढचा ॲक्सल दुसऱ्या टप्प्यात घेऊ. सौ. म्हणाली, शेळी पाणी पितेय तशी दिसते. तिला इंजिनिअरिंगमधलं काही कळत नाही, शेळ्यांमधलं कळतं.

ट्रकच्या ब्रेकचे पाइप जीपला लागत नाहीत. सबब मागचे ब्रेक तूर्त नाहीत. मिरवणूक माणसाच्या चालीने जाते, आणि माणसाला कुठे ब्रेक असतात?

१ मे. सकाळी ९.
राहुकाळ दुपारी आहे म्हणून आत्ताच स्टार्ट केली. पहिला गिअर टाकला. जीप मागे गेली. तुळशीवृंदावन पडलं.

९.१०. पुन्हा पहिला. पुन्हा मागे. शेजारच्या अलमेलू मामींचे वडाम, म्हणजे तांदळाचे पापड, उन्हात वाळत होते. आता नाहीत.

सुब्बा तोंड फिरवून उभा होता. हसतोय की काय म्हणून खेकसलो. हसत नव्हता.

१ मे. दुपारी ४.
शोध लागला! रिव्हर्स टाकला की जीप पुढे जाते. म्हणजे नुकसान काहीच नाही. मागे जायला तीन गिअर, पुढे यायला एक. त्यात रिव्हर्स सगळ्यांत सावकाश आणि मिरवणुकीला सावकाशच गाडी हवी. आता वाटतं, हे मी आधीच योजलं होतं.

६ मे.
सुब्बा न बोलावता आला. कुठूनसा जीपचा जुना ॲक्सल मिळवलाय, एका दिवसात बसवतो, काही देऊ नका, म्हणाला. त्याच्या पोरीला विद्यू फुकट इंग्रजी शिकवते, म्हणून. अम्माचं लग्न आहे सार, असं दोनदा म्हणाला. विद्यूला तो अम्मा म्हणतो. फुकट काम करणाऱ्यावर माझा विश्वास नाही. माझ्या यशाचं श्रेय घ्यायला निघालाय हे न कळण्याइतका मी दुधखुळा नाही. हाकलला. पुन्हा पायरी चढायची नाही, हेही सांगितलं. विद्यू दारात उभी होती. तिनेही ऐकलं, बरं झालं.

९ मे.
मुलाची आई सकवारबाई आणि पद्मनाभ येऊन गेले. बाईंचं मराठी बखरीतल्यासारखं, मधेच तमिळ. जीपभोवती एक फेरी मारून म्हणाल्या की लेकराला उंचावर बसायचं भय वाटतं. मी म्हटलं, सवय होईल. पद्मनाभने वाकून शाफ्ट कुठल्या बाजूने फिरतो ते विचारलं. त्याला सांगितलं, पुस्तकातलं गणित वेगळं आणि स्पॅनरचं वेगळं. जाताना सकवारबाईंनी विद्यूच्या पाठीवर हात ठेवून सांगितलं की आमच्या घरी तुला कशाची भीती नाही. इथे तिला कशाची भीती होती, कळलं नाही.

१६ मे. दुपारी २. नुंगंबाक्कम.
पहाटे चारला आवडीहून निघालो. एकच गिअर. साडेपाच तास. इंजिन चारदा उकळलं. सायकली पुढे गेल्या, बैलगाड्या पुढे गेल्या, एक प्रेतयात्राही पुढे गेली. शुभशकुन असतो तो. सौ., विद्यू आणि बाकीचं वऱ्हाड लोकलने येऊन, आंघोळी उरकून बसलं होतं. लोकांना कष्टाची सवयच राहिली नाही.

सौ. पुन्हा म्हणाली, मुलीच्या बापाने जानवासममध्ये हात जोडून पायी चालायचं असतं, गाडी दुसरं कुणी चालवेल. दुसऱ्या कुणाला हे गिअर कळायचे नाहीत, म्हटलं.

ध्यानात ठेवणे : पहिला म्हणजे मागे.

१७ मे. सकाळी ६. हॉस्पिटल.
झालं ते नीट लिहून ठेवतो, कारण उद्या लोक काहीही बोलतील.

मिरवणूक जवळजवळ शेवटपर्यंत उत्तम झाली. पुढे नादस्वरम, बाजूंनी पेट्रोमॅक्स, मागे ताटं घेतलेल्या बायका. पद्मनाभ जीपच्या उतारामुळे सारखा पुढे घसरत होता, पण दांडी धरून होता. लोक माना वर करून बघत होते, काही तोंडावर रुमाल धरून. मंडपाच्या दारात ओवाळायला थांबलो. सकवारबाईंनी ओवाळलं. मी सीटवर उभा राहून सगळ्यांना नमस्कार केला. मग खाली बसलो आणि कुणीही शहाणा माणूस टाकेल तसा पहिला गिअर टाकला.

जीप मागे गेली. पद्मनाभ बॉनेटवर आपटला, सूट फाटला, ओठ फुटला. बायका पांगल्या. सौ. पांगली नाही. हातात रुखवताचं ताट होतं, ते टाकायला तयार नव्हती. चाक तिच्या उजव्या पावलावरून गेलं. दोन हाडं मोडली. जीपमधून हॉस्पिटलात नेतो म्हटलं, पण कुणी ऐकलं नाही, टॅक्सी आणली.

चूक कुणाची म्हणायची झाली तर सौ.ची. गाडी अंगावर आली तर बाजूला व्हावं, हे शिकवावं लागतं का? नंतर जाऊन जीप तपासली. चाकाला ओरखडा नाही, ॲक्सल केसभर वाकलेला नाही. मजबुतीबद्दल आता तरी कुणाला शंका नसावी.

१७ मे. सकाळी ११.
मुहूर्त साडेदहाचा होता. मी इथेच आहे. सौ.चा पाय प्लास्टरमध्ये, ती मंडपात बसू शकत नाही, आणि जोडप्याशिवाय कन्यादान होत नाही. त्यामुळे तिचा भाऊ जनार्दन आणि त्याची बायको बसली. मी निदान अक्षता टाकायला निघालो होतो. सौ.ने माझा हात घट्ट धरला. मला एकटीला टाकून जाऊ नका, म्हणाली. सत्तावीस वर्षांच्या संसारात तिने असा हात धरला नव्हता. शेवटी माणसाची किंमत संकटात कळते. मोठ्या मनाने राहिलो.

कन्यादानाचं जमवता आलं असतं. माझी खात्री आहे, सकवारबाईंनीच काड्या घातल्या. मुलाचा ओठ फुटला त्याचा राग माझ्यावर काढला.

३ जून.
सौ. घरी आली. कुबडी घेऊन चालते, सावकाश. मी विद्यूला कळवलं होतं की आषाढात माहेरी आणायला जीप घेऊन येईन. आज उत्तर आलं, आईच्या नावाने. पाय कसा आहे, औषध वेळेवर घे, सुब्बाच्या पोरीला शनिवारी इकडे पाठव, तिचा धडा राहिलाय. माझं नाव नाही. पोस्टकार्डावर जागा पुरली नसेल.

१० जून.
आज चढ्या आवाजात सौ.ला सांगितलं की सकवारबाईंनी मला माझ्या मुलीच्या कन्यादानापासून तोडलं, हे मी मरेपर्यंत विसरणार नाही. सौ. तांदूळ निवडत होती. सूप खाली ठेवून म्हणाली, त्यांचं नाव घेऊ नका. त्या रात्री तुम्ही जीप तपासायला गेलात तेव्हा त्या स्वतः हॉस्पिटलात आल्या होत्या. विद्यूच्या विनवण्या करत होत्या, बाप आहे ग, बसू दे त्याला. विद्यूच नको म्हणाली. बाबांच्या हातून नको, बाकी कुणीही चालेल, म्हणाली.

मी म्हटलं, पण तुझा पाय. सौ. म्हणाली, डॉक्टरांनी सकाळी आठलाच सांगितलं होतं की खुर्चीत बसवून मंडपात न्यायला हरकत नाही. तुम्ही चहा प्यायला गेला होतात. खुर्ची दारापर्यंत आली होती. मीच परत पाठवली, म्हणाली. ती गेली असती तर मीही गेलो असतो. म्हणून माझा हात धरून बसली, मुहूर्त टळेपर्यंत.

एकुलत्या एका मुलीचं लग्न तिने पाहिलं नाही.

एवढं बोलून तिने सूप उचललं आणि पुन्हा तांदूळ निवडायला लागली. मी बराच वेळ समोर उभा होतो. बसा, म्हणाली नाही.