हत्ती, गाढव आणि नाल्याकाठचं वावर

ता. गंगाखेड, जि. परभणी
२१ एप्रिल

चि. ओमप्रकाश,

काकाचे आशीर्वाद तुला आणि सूनबाईला, विमानाचं भाडं न भरता अटलांटापर्यंत पोचतील एवढे. तू दोन्ही वेळा जेवत असशील आणि ते डब्यातलं वरण खायचं सोडलं असशील, असं धरून चालतो. इकडे सगळं ठीक. माझा उजवा गुडघा दुखतो, तुझ्या काकूचं काहीच दुखत नाही, त्यामुळे घरात ऐकून घ्यायचं काम माझ्याकडे आहे. फोन असताना काकाला पत्र का सुचलं, असं तुला वाटेल. अरे, फोनवर बोललेलं काकू ऐकते आणि व्हॉट्सॲपवर लिहिलेलं गाव वाचतं (ग्रुप चालवणारा पप्पू, त्याच्या पोटात काही राहत नाही). पत्र मात्र हल्ली कुणी उघडतसुद्धा नाही, म्हणून ते सुरक्षित.

वस्तीच्या स्मशानभूमीला रस्ता नाही, हे तुला माहीत आहेच. पावसाळ्यात माणूस गेलं की मांडीभर चिखल तुडवत नाल्यातून न्यावं लागतं. सोयीची वाट एकच, आपल्या नाल्याकाठच्या वावराच्या बांधावरून. त्या वावराच्या सातबाऱ्यावर तुझं आणि माझं, दोघांचं नाव आहे. दोघांचं संमतीपत्र मिळालं तर पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेत रस्ता मंजूर होतो. पण ते असू दे, त्यावर मागाहून लिहितो. आधी माझ्या भाषणाची काय दशा झाली ते ऐक.

चौदा एप्रिलला जयंतीच्या कार्यक्रमाला वस्तीतल्या पोरांनी मला वक्ता म्हणून बोलावलं. तीस वर्षं इतिहास शिकवलेला माणूस माईकला नाही म्हणू शकत नाही, तो आमचा रोगच आहे. पण बोलायचं कशावर? गावातलं बोलावं तर अर्ध्या गावाला लागतं, राज्यातलं बोलावं तर उरलेल्या अर्ध्याला. म्हणून मी लय डोकं चालवून असा विषय काढला, की ज्यानं उभ्या परभणी जिल्ह्यात कुणाच्या केसाला धक्का लागू नये: अमेरिकेतले दोन पक्ष आणि काळ्या लोकांशी त्यांची वागणूक. तू पाठवलेली चार पानं आठ दिवस घासली. पुढच्या रांगेत निळे फेटे बांधून गावातल्या दोन्ही पॅनलचे पुढारी बसलेले, किशनराव आणि पंडितराव. (निवडणुकीत एकमेकांचं तोंड बघत नाहीत, पण जयंतीला मांडीला मांडी लावून बसतात, कारण फोटोवाला एकच असतो.)

सुरुवात झकास झाली. म्हटलं, गुलामगिरीच्या विरोधात जो पक्ष उभा राहिला तो रिपब्लिकन, त्याची खूण हत्ती. रिपब्लिकन म्हटल्याबरोबर मंडपात टाळ्यांचा कडकडाट. आपली पार्टी तिकडंबी हाय म्हणून मागच्या पोरांनी शिट्ट्या मारल्या. तो पक्ष वेगळा, हे समजवायला मला दहा मिनिटं लागली, आणि समजलं असं मला अजूनही वाटत नाही. दुसरा डेमोक्रॅटिक, खूण गाढव, दक्षिणेतल्या गुलामांच्या मालकांची बाजू धरणारा. एवढं ऐकलं आणि किशनराव उठलेच. म्हणाले, मग आमचं पॅनल हत्ती! गावची विहीर सगळ्यांसाठी पहिल्यांदा उघडली ती माझ्या आज्यानं. आता ते खरं आहे. आणि त्या दिवशी विहिरीच्या काठावर काठी घेऊन कोण बसलं होतं, तर पंडितरावचा आजा, हेही खरं आहे. सगळा मंडप पंडितरावकडे बघून हसायला लागला. गाढव फुकटात अंगावर आल्यामुळे माणूस लालबुंद झाला.

मी घाईनं पुढचं शतक काढलं. सांगितलं की लढाई संपली, गुलाम सुटले, पण थोड्या वर्षांत हत्तीवाल्यांचा उत्साह ओसरला आणि दक्षिणेत गाढववाल्यांनी काळ्यांसाठी वेगळे नळ, वेगळ्या शाळा, बसमध्ये वेगळी बाकडी असा कारभार केला. मग एकोणीसशे चौसष्टला तो भेद मोडायचा कायदा झाला. त्यावर सही करणारा राष्ट्राध्यक्ष गाढववाला. आडवे पडलेले दक्षिणेतले तेही बहुतेक गाढववालेच. म्हणून कायदा पार पडायला हत्तीवाल्यांची मतं लागली. त्यानंतर दक्षिणेतले रुसलेले गोरे मतदार हळूहळू हत्तीच्या कळपात गेले, आणि हत्तीनंही त्यांना सोंडेनं गोंजारून घेतलं. (पक्षांनी माणसं बदलली म्हटल्यावर गावात कुणाला काहीच वाटलं नाही. आपला टेलर एवढंच म्हणाला, की एवढ्याशा कामाला त्यांना इतकी वर्षं लागली?)

इथं पंडितराव ताडकन उठला. म्हणाला, चौसष्टपासून पुढचं गाढव आमचं! नामांतराच्या वेळी वस्तीतल्या बायालेकरांना आमच्या घरात कुणी घेतलं? माझ्या बापानं. आणि दगड घेऊन बाहेर कोण होतं, ते किशनरावच्या चुलत्याला विचारा. हेही खरं आहे रे बाबा, अगदी शब्दन् शब्द. मग किशनरावही म्हणायला लागले की चौसष्टनंतरचा हत्ती आम्हाला नको, आम्हीही गाढवच घेणार. भर सभेत, निळे फेटे बांधून, दोन कर्ते पुढारी गाढवासाठी हमरीतुमरीवर आले. तीस वर्षांच्या नोकरीत मी असा वर्ग पाहिला नव्हता.

भांडण जरा थंडावलं तेव्हा सुकेशनी उभी राहिली. म्हाताऱ्या धुरपताबाईची नात, परभणीला वकिली शिकते, माझीच विद्यार्थिनी. आवाज न चढवता म्हणाली, सर, दोन्ही पार्ट्यांच्या आजे-बापांचं समजलं. पाच निवडणुका झाल्या, दोघांच्याही पत्रकात आमच्या स्मशानभूमीचा रस्ता पहिल्या नंबरवर छापून येतो. तो अडलाय कुणामुळं, तेवढं सांगा. अख्खा मंडप माझ्याकडे बघायला लागला. मी म्हणालो, हा अभ्यासाचा विषय आहे. तेवढ्यात माईक बंद पडला (देव आहे). पण धुरपताबाईला माईक लागत नाही. पंच्याऐंशी वर्षांची ती बाई पहिल्या रांगेतून म्हणाली, “गुरुजी, अमेरिकेचं ऱ्हाऊ द्या. मी कंच्या वाटंनं जाऊ, त्येवढं सांगा.”

मी आभार मानून खाली उतरलो. दुसऱ्या दिवशी किशनराव मागच्या दारानं आले आणि संमती देऊ नका म्हणाले. रस्ता झाला तर पुढच्या पत्रकात पहिल्या नंबरवर काय छापायचं? ते गेल्यावर पंडितराव पुढच्या दारानं आला आणि तेच म्हणाला. इतक्या वर्षांत दोन्ही पॅनलचं एकमत झालेलं मी पहिल्यांदा पाहिलं. तुमच्या तिकडच्या पक्षांना हे जमलं नसेल. माणसानं माणसाला वाट नाकारावी ही केवढी लाजिरवाणी गोष्ट, असं मी भाषणात म्हणालो होतो, आणि आजही माझं मत तेच आहे.

तुझा,
बन्सीधर काका

ता. क. : आता वावराचं. रस्त्याला माझी तत्त्वतः संमती आहे, असं मी जाहीर करणार आहे. तू मात्र पंधरा ऑगस्टच्या आत नकाराचं पत्र पाठव. मजकूर असा: ‘सदर बांध कै. वडिलांची आठवण असल्याने भावनिक कारणास्तव संमती देता येत नाही.’ तुझ्याच अक्षरात हवं आणि पाकिटावर तिकीट अमेरिकेचं हवं, म्हणजे ग्रामसभेत दाखवता येईल. खाली काळ्या लोकांविषयी सहानुभूतीची एखादी ओळ टाकलीस तर बरं दिसेल.

ता. क. २ : गुडघ्याचं मलम कुणी येणार असेल तर पाठव. काकूला यातलं काही बोलू नकोस.

ता. क. ३ : ओमप्रकाश, मी दैवशाला काकू. पाकीट पोस्टात टाकायला माझ्याच हातात दिलंय. उघडलं, वाचलं, आणि लाज वाटली रे. तुझ्या आईला कळा सुरू झाल्या तवा दवाखाना लांब होता. धुरपताबाई आली, तिच्याच हातावर तू आलास. तुझ्या काकाला ते लिहायचं सुचलं न्हाई. संमतीपत्र सोबत घातलंय, सही करून धाड. काकाची सही मी त्याच्याकडून जेवायच्या आधी घेते, जेवन झाल्यावर तो तत्त्वावर येतो. वाट अडवायला बांधावर घातलेलं काट्याचं कुंपण आज सकाळीच काढून टाकलं. धुरपताबाई काठी टेकत पार स्मशानापर्यंत जाऊन वाट बघून आली. आपल्याच ओट्यावर बसून च्या पेली. म्हनली, वाट चांगली हाय बाई, परत येता येतंय तवर रोज जाऊन येते.