पाचव्या गाण्यातलं तुमचं नाव

बाई, उद्या संध्याकाळी मला तुमचं नाव गायचंय आणि सकाळपासून मला दुसरं काही सुचत नाहीये. तेही इंग्रजी गाण्यात, दुबईच्या जुमेरा लेक टॉवर्समधल्या एका छोट्या हॉलमध्ये, पियानो आणि चेलोच्या साथीने. हसू नका. तो ब्रिटिश शिष्य आठवतो ना तुमचा? इथल्या शाळेत संगीत शिकवायचा आणि सुट्टीच्या दिवशी करामातल्या तुमच्या घरी तुमच्यासमोर मांडी घालून बसायचा, पाय आखडले की "बाई, खलास!" म्हणून भिंतीला टेकायचा, तोच. आता लंडनला नावाजलेला संगीतकार झालाय. तुम्ही गेल्यावर तुमच्या आठवणीसाठी त्याने पाच गाणी केलीत. कविता त्याच्या एका मैत्रिणीच्या, संगीत त्याचं. चेंबर साँग्ज म्हणतात. म्हणजे मोजकी वाद्यं, मोजके ऐकणारे, माईक नाही, आपल्या घरगुती बैठकीसारखंच. आणि गायला मी! त्याला म्हणे तुमच्या हाताखालून गेलेला आवाजच हवा होता. मला त्यांची ती रेघांवरची लिपी कुठे वाचता येते? त्याने सगळं गाऊन पाठवलं, मी इंग्रजी शब्द देवनागरीत उतरवून डोक्यावर सा रे ग म टाकलेत. लेकीने कागद बघितला आणि म्हणाली, "आई, धिस इज इन्सेन." मी म्हटलं, असू दे, तुझ्या बापाच्या हाताने लिहिलेल्या कोटेशनपेक्षा बरं वाचता येतं.

चार गाणी मला आता झोपेतही येतील. त्यांत तुमचं स्वयंपाकघर आहे, तानपुरा आहे, बाल्कनीत वाळत घातलेल्या साड्या आहेत. पाचव्यात मात्र दुसरा शब्दच नाही, नुसतं तुमचं नाव, दर वेळी जरा वरच्या सुरात. शेवटचं नाव झालं की सगळेच थांबतात. पियानो गप्प, चेलो गप्प. मग मी एकटीने बिनशब्दांची एक ओळ गुणगुणायची आणि कार्यक्रम संपला. वाचायला सोपं आहे हो. मी ते बघितलं आणि कागद उलटा करून ठेवला.

तुमचं नाव मी कधी घेतलंय का? बाई म्हटलं की झालं. आणि मला तो मंडळाचा गणपती आठवतो. मी माईकवर तुमच्या गुरुजींचं नाव घेतलं, कानाला हात न लावता. लोकांसमोर तुम्ही काही बोलला नाहीत. घरी आल्यावर तुम्ही चहाचं आधण ठेवताय, मी दारात उभी, खालच्या हॉटेलातला सांबाराचा वास वर येतोय, आणि माझ्याकडे न बघता तुम्ही म्हणता, "भाजीवाल्याचं नाव घेतलंस की काय गं?" मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. रडून डोळे सुजले, तेव्हा निघताना हातात खडीसाखरेची पुडी कोंबलीत आणि म्हणालात, "घसा सांभाळ, रडून बसेल." त्यानंतर गुरुजींचं नाव आलं की माझा हात आपसूक कानाच्या पाळीला जातो.

कालच्या तालमीत तेच झालं. तुमचं नाव आलं की हात कानाला. आपल्या संगीतकाराला वाटलं, मला सूरच ऐकू येत नाहीये. रागदारी शिकला तुमच्याकडे, पण हे काही त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं. बिचारा पियानोवर सूर जोरात द्यायला लागला. माझा हात पुन्हा कानाला, तो आणखी जोरात! चेलो वाजवणारी पोरगी आ वासून आमच्याकडे बघत होती. एरवी मी पोट धरून हसले असते. पण शेवटचं नाव झालं, सगळे थांबले, आणि पुढची ओळ काही केल्या माझ्या गळ्यातून बाहेर पडेना. परत केलं, परत तिथेच अडले. मग मी त्याला कानाचं सांगितलं. तो कानकोंडा झाला, दहादा सॉरी म्हणाला आणि म्हणाला, "दीदी, तुम्हाला जड जात असेल तर हे गाणं चेलोला देतो. उद्या दुपारपर्यंत सांगा." सुटका झाल्यासारखं वाटलं, आणि लगेच स्वतःचा राग आला. तुमचं नाव एका लाकडाच्या खोक्यातून काढायचं आणि मी बाजूला हात बांधून उभं राहायचं?

आज सकाळी पार्किंगमध्ये गाडीच्या काचा वर करून गाऊन बघितलं. नाव छान लागलं, बाई. कानाला हात लावला तरी लागलं, न लावता तरी लागलं. वॉचमन काचेवर टकटक करून विचारतो, "मॅडम, सब ठीक है?" काय सांगू त्याला? भीती नावाची नव्हतीच. नावानंतर ती जी शांतता आहे ना, तिची आहे. त्याने तिथे लिहून ठेवलंय, उत्तराची वाट बघत असल्यासारखं थांबा. आणि तुमच्याकडे तर तसंच होतं. मी एक ओळ म्हणायची आणि थांबायचं, तुम्ही मेथी निवडता निवडता म्हणायचात, "पुन्हा." चांगलं झालं तरी पुन्हा, वाईट झालं तरी पुन्हा. तुम्ही बोलल्याशिवाय मी कधी पुढची ओळ उचलली नाही. उद्या तिथे कोण बोलणार आहे? आवाज कालसारखाच आत अडकला तर सगळ्यांसमोर मी काय करू? मागे काही नाही, पुढे काही नाही, आणि लोक माझ्या तोंडाकडे बघतायत.

दुपारी मी त्याला मेसेज केला, चेलोला देऊ नकोस, मीच गाते. त्याने "इन्शाल्ला, दीदी" पाठवलं. दुबई सुटली तरी सवय सुटली नाही त्याची.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, घडी करून कपाटात जाईल, म्हणून लिहिते. लेकीलाही बोलले नाही. तुम्ही कधी टेप करू दिलं नाहीत. तुमचे शब्द मला सगळे पाठ आहेत, कुठल्या ओळीला काय म्हणालात तेसुद्धा. पण गाडीत त्या शांततेत मी कान लावून बसले होते, आणि बाई, तुमचा आवाज कसा होता, ते मला आता आठवत नाही.