दाराच्या आतली नावं

४ नोव्हेंबर २०२४, नाहूर
आज शेडची किल्ली मिळाली, मी भलताच खूश आहे. स्टेशनपासून दहा मिनिटांची वाट, पुढं वडापावची गाडी, मागं गोदाम, आणि आत ती. १९६९ची अमेरिकन मसल कार, लांबलचक बॉनेट, दोनच दारं. गंज इतका की बोट टेकवलं तर पत्रा पापडासारखा मोडतो. ती नव्यासारखी करायचं काम सोपवताना मालकीण शर्मिष्ठाबाई म्हणाल्या, वडिलांनी, श्यामकांतरावांनी, ही जन्मभर जपली. जपणारे असे, तर टाकून देणारे कसे असतील!
बाईंनी एकच अट घातली. डाव्या दाराच्या आतल्या पत्र्यावर काही नावं कोरली आहेत, ती घासायची नाहीत. मी मान हलवली. मान हलवायला काय जातं?

८ नोव्हेंबर
मदतीला धोंडिराम नावाचा डेंटर, चेपलेले पत्रे ठोकून सरळ करणारा, मिळालाय. साठीचा, रस्त्यावर हातोडी मारत शिकलेला. मी कोइंबतूरला जुन्या गाड्या दुरुस्त करायचा वर्षभराचा कोर्स केला आहे, पण त्याच्या लेखी घंगाळ ठोकणं आणि ही गाडी घडवणं एकच. कामाआधी बॉनेटला हात लावून नमस्कार करतो. अर्ध्या हळकुंडानं पिवळा झालेला माणूस.
दाराचं अस्तर काढलं तशी नावं दिसली. भाऊराव १९८९. मिथुन १९९८. श्यामसुंदर २००६. धोंडिरामनं सांगितलं की जुन्या डेंटरांची ही रीतच आहे. काम पुरं झालं की पत्रा बंद करण्याआधी आत नाव कोरायचं, आणि पुढच्यानं मागच्याचं नाव सोडून काम करायचं. मी म्हटलं, नावं तर मुतारीच्या भिंतीवरही कोरतात. तो हातोडी उचलून कामाला लागला. त्याच्या अंगी तेवढीच काय ती अक्कल आहे.

१२ नोव्हेंबर
नावं ग्राइंडरनं उडवली. पाच मिनिटांचं काम. चकचकीत पत्र्यावर माझं कोरलं: देवदत्त २०२४. काम व्हायच्या आधीच, हो. मी हातात घेतलेलं काम झाल्यातच जमा असतं.
धोंडिरामनं ते पाहिलं आणि हत्यारांची पिशवी उचलली. जाताना म्हणाला की साहेब, वाट लागली ना. काम व्हायच्या आत नाव दिलंत, आता ही गाडी तुमच्यावर काम करील. मी पोट धरून हसलो.

१५ नोव्हेंबर
मागच्या मडगार्डला दोन बोटं जातील एवढं भोक होतं. आज नाही. पत्रा सलग, गुळगुळीत, वेल्डिंगची खूणही नाही. मी काल लावलेलं गंजावरचं रसायन इतकं गुणकारी निघेल असं मलाही वाटलं नव्हतं. धोंडिरामला बोलावून दाखवायला हवं. त्याच्या सात पिढ्यांना असं जमलं नसतं.
फक्त बोटांची टोकं तांबूस झाली आहेत. साबणानं जात नाहीत.

१८ नोव्हेंबर
तळाचा पत्रा पूर्ण भरला. मी हातही लावला नव्हता.
डाव्या करंगळीचं नख गळून पडलं. चुरा झाला त्याचा, तपकिरी. कोपऱ्यावरचा डॉक्टर म्हणतो रक्तात लोह जवळजवळ नाहीच, तुम्ही चालत कसे आलात? इथले डॉक्टरही डेंटरच.
जिना चढताना तीनदा बसलो.

२० नोव्हेंबर
शर्मिष्ठाबाईंना फोन केला. त्या रडायलाच लागल्या. ती नावं त्या तिघांनी कोरलेली नव्हती. तिघं या गाडीवर काम करता करता वाळून मेले, आणि दर वेळी वडिलांनी नाव कोरलं. नाव कोरलं की गाडी काही वर्षं शांत राहायची; नावं पुसली तर लगेच जागी होणार. सांगितलं होतं ना मी तुम्हाला, म्हणाल्या.
सांगितलं होतं. कारण सांगायला तोंड शिवलं होतं का बाईचं?
घाबरलोय मी. लिहून टाकतो, इथं कोण वाचतंय.

२१ नोव्हेंबर
माझ्या नावावर ग्राइंडर लावला. ठिणग्या उडाल्या. नाव तसंच. मनगटावरची कातडी मात्र — पापुद्रे —
गाडी नव्यासारखी दिसते. आरशात मी —
तोडगा सुचला. दुसरं नाव द्यायचं. धोंडिरामचं. म्हातारा, रस्त्यावरचा, कोण विचारतंय त्याला. माफी मागायची आहे म्हणून बोलावलं. लगेच हो म्हणाला. रक्त कमी झालंय म्हटल्यावर म्हणाला, बायकोनं अळिवाचे लाडू केलेत, घेऊन येतो, साहेब.
मूर्ख.

२२ नोव्हेंबर, दुपार
वही मांडीवर. उभं राहवत नाही. खिळा पत्र्याला टेकवला. ‘धोंडिराम’ असं कोरतोय मी — उमटतं ते देवदत्त. परत. देवदत्त. खाली अजून एक. देवदत्त —
तो आलाय. दारात, हातात डबा. हाका मारतोय. माझा एक हात पत्र्यावरून सुटत नाही, पत्रा गरम आहे, बोटं आत —
त्याला जा म्हणायचंय. आवाज नाही. इथं लिहितो, तो वाचेल — जा, देवदत्त — नाही, त्याचं नाव, त्याचं — धों — जा रे देवद