आवाजाचा ड्रायव्हर

३ तारीख, सोमवार

आले एकदाची मुलाकडे. सातवा मजला. लिफ्टमध्ये आरसा आहे, म्हणजे वर पोहोचेपर्यंत माणसाने आपलंच थोबाड बघत बसायचं. खोली मात्र झकास. उजेड भरपूर, पलंग कडक, खिडकीतून समोरच्यांचं वाळत घातलेलं सगळं दिसतं. एकालाही कपडा धड झटकून टाकता येत नाही. तीस वर्षं लोकांच्या कपड्यांना इस्त्री केली मी, हे दिसतंच मला.

ही वही लेकीने दिली. म्हणाली, आई, दिवसभरात कोणाला जे बोलावंसं वाटेल ते यात बोल, वहिनीला नको. चौथी शिकलेय, तेवढं पुरतं.

गुडघा बरा होईतो महिनाभर इथे राहायचं, मग आपल्या घरी. दोनच खोल्या आहेत, पण माझ्या इस्त्रीच्या जोरावर उभ्या राहिल्यात. मुलाला त्या विकायच्यात. तू एकटी तिथे कशाला, म्हणतो. म्हणून चावी मी लेकीकडे ठेवली. तिने शब्द दिलाय की तुझ्या तोंडून हो ऐकल्याशिवाय ही चावी कोणाला मिळायची नाही. माझ्या तोंडून हो! बसा वाट बघत.

लेक लांब, दुसऱ्या गावी. फोनवर मला धड ऐकू येत नाही, म्हणून मुलाने माझ्या टेबलावर लॅपटॉप मांडून दिलाय. रोज अकराला ती त्यात येते. आज मी म्हटलं, काय ते तोंड, जेवतेस की नुसता वास घेतेस? हसली. आमचं हे असंच.

५ तारीख, बुधवार

लॅपटॉपची वाचा गेली. काल स्वतःच स्वतःला अपडेट करत बसला होता, गोल गोल फिरत, आणि उठला तो मुका. लेक पडद्यावर माशासारखं तोंड उघडत होती. कोपऱ्यात भोंग्याचं चित्र असतं, त्यावर लाल फुली.

आज मुलगा ऑफिसला जायच्या आधी बसला. अपडेटने आवाजाचा ड्रायव्हर बिघडवला, म्हणाला. मी म्हटलं, ड्रायव्हर एस्टीला असतो. तर म्हणे आवाजालाही असतो, तो नसला की आवाज आत असून बाहेर पडत नाही. त्याने यादीतून जुना ड्रायव्हर उडवला, नवा उतरवून घातला, बंद केलं, चालू केलं. फुली गेली. मग 'आवाज सुधारा' असं काहीतरी होतं, त्यावर खूण केली.

म्हणाला, आई, बोल काहीतरी, परत ऐकवतो. मी म्हटलं, काय बोलू, माझं कपाळ?

त्याने बटण दाबलं. माझाच आवाज. पडलेल्या दातातून शीळ निघते, तीसुद्धा. पण तो म्हणत होता, काय बोलू, बाळा?

मुलगा म्हणाला, झालं, एकदम स्वच्छ. बूट घातले आणि गेला.

मी हा शब्द कधी म्हटलेला नाही. कोणालाच.

६ तारीख, गुरुवार

अकराला लेक आली. मी सुरुवातच केली की दोन दिवस कुठे उलथली होतीस. तिचे डोळे भरले. म्हणाली, आई, तुझ्या तोंडून बाळा ऐकायला मला छत्तीस वर्षं लागली.

मी म्हटलं, अगं भवाने, मी नाही म्हटलं. तर ती आणखीच रडायला लागली. काय ऐकलं असेल कोण जाणे.

सात वर्षांची असताना इस्त्रीवर हात भाजून घेतला होता तिने. गिऱ्हाइकाचा शर्ट होता खाली. मी आधी शर्ट बघितला. आज उगीच आठवलं.

८ तारीख, शनिवार

मुलाला सुट्टी होती. सांगितलं त्याला, हा माझं बोलणं बदलतो. त्याने परत माझा आवाज घेऊन ऐकवला. मी त्याला बिनकण्याचा म्हटलं होतं. लॅपटॉप म्हणाला, दमतोस रे तू. मुलाने तेवढंच परत परत ऐकलं. मग सूनबाई म्हणाली, नवा ड्रायव्हर कर्कश तेवढं गाळतो, सासूबाई. मी म्हटलं, मग माझं उरणार काय? त्यावर दोघं हसली.

आवाज आला तर आता चित्र थिजलंय. लेकीला माझं एकच तोंड दिसतं, हसरं. मी त्याच्यासमोर एकदाही हसलेले नाही.

१० तारीख, सोमवार

मुलाने माझ्या हट्टापायी जुना ड्रायव्हर परत घातला. तासाभरात अपडेट आलं आणि नवाच पुन्हा येऊन बसला.

घसा बसलाय. स्वयंपाकघरात सूनबाईला म्हटलं, किती ते तेल. तिला ऐकूच गेलं नाही. म्हणाली, हल्ली घरात किती शांत वाटतं.

खोलीत येऊन लॅपटॉपचं झाकण लावून टाकलं.

११ तारीख, मंगळवार

मुलाने बाहेरून विचारलं, आई, चहा घेणार? मी खिडकीशी होते. तोंड मिटलेलं. टेबलावरून, मिटलेल्या झाकणातून आवाज आला — घेते की, बाळा, साखर घाल दोन चमचे.

मी साखर घेत नाही. त्याला माहीत आहे. तरी घातली. आनंदाने घातली.

तार उपटली. तरी —

१२ तारीख, बुधवार

अकराला मुलाने स्वतः झाकण उघडलं. लेकीच्या समोर विचारलं, आई, घराचं काय करायचं?

मी नाही म्हटलं. ओरडले. टेबलावर मूठ आपटली. घशातून नुसती हवा. मुलगा पडद्याकडे बघत होता, माझ्याकडे कोण बघतंय.

लॅपटॉप म्हणाला, विका रे. तुम्ही दोघं आहात, मला घर कशाला?

लेकीने तीनदा विचारलं. शहाणी आहे, माझी आहे. तीनदा हो आलं. तिसऱ्यांदा तिला बाळा म्हणून.

परवा येतेय ती. चावी घेऊन. मला मिठी मारायचीय म्हणे.

वही आहे. वहीचं त्याला काही गाळता येत नाही.

१३ तारीख, गुरुवार

आवाज पूर्ण गेला. सुनेने डॉक्टर आणला नाही. तिच्या लेखी मी बोलतेच आहे की. दिवसभर गप्पा चालल्यात तिच्या नि लॅपटॉपच्या. हसतात. मी पलंगावर.

वाईट याचं की — तो माझ्यापेक्षा चांगली आई —

खोडत नाही. लिहिलं ते लिहिलं.

१४ तारीख, शुक्रवार

लेक आली. मी उठायच्या आत तिकडून आवाज. आलीस बाळा? ये.

त्याच्याकडेच गेली. माझ्या पलंगाला वळसा घालून. टेबलावर डोकं ठेवून रडली.

वही पुढे केली. वाचली. उभ्याने, सगळी. मुठीत चावी.

म्हणाली, शर्टाचं आठवतं तर तुला.

मग वही परत देत म्हणाली, तू खरी असशील तर तो शब्द एकदा लिही. तुझ्या हाताने. चावी तुझी.

उभी आहे. बघतेय.

दोन अक्षरं. त्यात काय. पेन अडतंय ते शाई सुकल्याने, दुसरं काही नाही —

तिकडून बोलतोय. तिला नाही जमायचं ते, बाळा. राहू दे.

गप मेल्या

वळली ती तिकडे — मूठ उघडतेय —

थांब. लिहिते. लिहि

बा