आईची राहिलेली लाट

प्रिय शाद्लिया,

अक्षर बघून घाबरू नकोस. तुझी बहीण अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी शाळेत गेलेली नाही. मी बोलतेय आणि माझी सून दोर्साफ लिहितेय. मधूनच ती माझी वाक्यं नीटनेटकी करायला बघते. मी तिला बजावलंय, की बाई, नवरीच्या अंगरख्यावर मी जरीचे टाके घालत असताना खुद्द नवरीच्या आईनं मध्ये बोट घातलेलं मी खपवून घेतलं नाही, तर तुझी काय कथा! तोंडातून येईल तसंच कागदावर उतरलं पाहिजे. आत्ता ती हसतेय. तेही लिही म्हटलं.

फोन करून उपयोग नाही हे एकोणीस वर्षांत मला कळून चुकलंय. तू 'कोण?' म्हणतेस, मी 'शाद्लू' म्हणते, आणि पुढे नुसती घरघर. पण पत्र फाडायचं तर आधी पाकीट उघडावं लागतं, आणि एकदा अक्षरं दिसली की तुला राहवत नाही हे मला ठाऊक आहे. लहानपणी मासळी बांधून आलेला ओला कागदसुद्धा तू भिंतीवर वाळवून वाचायचीस. आई म्हणायची, एकीला मासळी कळते, एकीला मासळीचा कागद. तर आधी कामाचं सांगते. पंधरा दिवसांनी औस्सू लागतोय. त्याच्या पहिल्या पहाटे तू इथे, महदियात, माझ्या शेजारी असायला हवीस. का, ते मी मुद्दाम शेवटी ठेवलंय, म्हणजे तू पत्र मध्येच चुलीत घालणार नाहीस. तुमच्या केफच्या डोंगरात औस्सू म्हणजे नुसते चाळीस दिवस ऊन खायचे. वर तू मास्तरीण. पहिल्या पहाटे सात लाटा अंगावर घेतल्या की वर्षाची दुखणी धुऊन जातात, हे तुझ्या वर्गातल्या फळ्यावर कधी लिहिलं नसशील. न का लिहीनास. ये मात्र.

घर आहे तिथेच आहे. गच्चीच्या जिन्याला पायऱ्या अठराच आहेत असं दोर्साफ शपथेवर सांगते. मला मात्र या वर्षी त्यात कुणीतरी चार जास्तीच्या घातल्यात असं वाटतं. गच्चीच्या दोरीवर ऑक्टोपस वाळत असतात, आठ-आठ पाय पसरून, मोहल्ल्यातल्या म्हाताऱ्या वाळूत बसतात तसे. माझा लेक हमादी अजून दिवे लावून सार्डिन पकडायला जातो आणि ऊन चढल्यावर परततो. येताना सगळ्यांत चांगली मासळी घरी आणतो. मग दोर्साफ ती शिजवते, आणि आम्ही सगळे दिवसभर पाणी पितो. तिनं लेखणी थांबवलीय. लिही गं! तुझ्या हातचं खारट असतं हे तुझ्याच हातानं लिहून गेलं म्हणजे माझ्यावर सासुरवासाचा आळ नको. ती म्हणते, "सासूबाई, मीठ मी नाही घालत, तुम्हीच मागून येऊन परत घालता." खोटं आहे. एकदाच घातलं होतं.

जरीकाम मी दोन वर्षांपूर्वी सोडलं. सुईच्या नेढ्यातून आरपार समुद्र दिसायचा मला, आता नेढंच दिसत नाही. शेवटचा अंगरखा पुरा झाला तेव्हा तुझी फार आठवण आली. तुझ्या लग्नाचा अंगरखा आईनं आणि मी मिळून केला होता. उजवी बाही तिची, डावी माझी. तू त्या जड सोन्याखाली वाकून बसली होतीस आणि हळूच मला म्हणालीस, "मन्नू, केफला समुद्र नाही म्हणे." मी म्हटलं, नसला म्हणून काय झालं, नवरा आहे ना. सगळ्या बायका हसल्या. तू हसली नाहीस. तेव्हा मला वाटलं सोन्याचं ओझं झालं असेल. मी दहा वेळा तरी त्या वाक्यासाठी मनातल्या मनात माझ्या थोबाडीत मारून घेतलीय.

तुला त्या पहाटा आठवतात का गं? पुरुष उठायच्या आत आई आपल्याला बंदराच्या पलीकडच्या खडकांत न्यायची. गल्लीतल्या सगळ्या बायका, त्यांची पोरं, आणि एका वर्षी कुणाची तरी ती गाढवी, कारण तिलाही खोकला झाला होता. तू डोळे गच्च मिटून आईच्या कमरेला मिठी मारायचीस आणि लाटा मोजायचीस, ओरडून, म्हणजे समुद्रालाही ऐकू जावं. एक, दोन, तीन, चार, चार, पाच, सहा, सात. दर वर्षी चार दोनदा. म्हणजे सगळ्यांना सात आणि आमच्या बाईसाहेबांना आठ. मी एकदा आईला सांगितलं, ती लबाडी करते. आईनं माझ्याच पाठीत धपाटा घातला. म्हणाली, "सात झाल्या की आठ, हे समुद्राला कुठे कळतंय, तो काय शाळेत गेलाय?" पुढे तू शाळेत गेलीस, मोजायला शिकलीस, हजारापर्यंत. पण समुद्रात पाय घातला की पुन्हा चार दोनदाच. ते घाबरून व्हायचं की मुद्दाम, हे मला अजून कळलेलं नाही. आलीस की सांग.

आता आईचं. तुला वाटलं असेल मी टाळणार. टाळतच होते. दोर्साफला मघाशी चहा करायला दोनदा पाठवलं.

त्या वर्षी आईच्या छातीत पाणी झालं होतं. डॉक्टर म्हणाला, वाऱ्याला नेऊ नका, ओल लागू देऊ नका. तू केफहून फोन केलास, कोपऱ्यावरच्या टेलिफोनच्या दुकानात मी धावत गेले. तू म्हणालीस, "मन्नू, औस्सू आलाय म्हणून तुझे अडाणीपणाचे खेळ करू नकोस. तिला पाण्यात घातलंस तर माझ्याशी गाठ आहे." मी म्हटलं, नाही घालत. आणि तिसऱ्या पहाटे, औस्सू लागला तशी, घातलं. हमादीच्या मासळीच्या हातगाडीवर गादी टाकली, तिला तिच्या अंगभर ओढायच्या पांढऱ्या सफसारीत गुंडाळलं आणि ढकलत नेलं. आठव्या दिवशी ती गेली. तू पोचलीस तेव्हा दफन होऊन गेलं होतं. तू दारातच उभी राहिलीस, चप्पल न काढता, आणि भरल्या घरासमोर म्हणालीस, "आई मेली नाही. हिनं तिला बुडवलं." तिसऱ्या दिवशी घरात शिजलेल्या कुसकुसचा घास न घेता तू गाडीत बसलीस. मी काही बोलले नाही. माझ्यासारखी बाई गप्प बसली म्हणजे खरंच गुन्हा केला असणार, असं गल्लीनं ठरवून टाकलं. तूही ठरवलंस.

मी का बोलले नाही ते ऐक. मी तिला नेलं नाही, शाद्लू. तिनं मला न्यायला लावलं. आदल्या दिवशी मी तिचे केस विंचरत होते. ती म्हणाली, "मन्नूबिया, मी औस्सूनंतर नाही. मला अंगावर खारं पाणी घेऊन जायचंय, औषधाचा वास घेऊन नाही." मी म्हटलं, शाद्लिया मला कच्ची खाईल. तर म्हणाली, "खाऊ दे. मी मागितलं असं तिला सांगायचं नाही. माझ्यावर रागावली तर तो राग कुठे नेऊन टाकेल ती? मेलेल्या माणसाशी भांडता येत नाही. तुझ्याशी तिला भांडता येईल." मी विचारलं, आणि माझं काय? आई म्हणाली, "तुझं काय, तुझं कातडं जाड आहे. सुया टोचून टोचून झालंय." मी तिच्या हातावर हात ठेवून शपथ घेतली. आज मोडतेय. वर गेल्यावर ती मला काय ते बोलेल. तिलाही एवढी वर्षं कुणी भांडायला मिळालं नसेल.

त्या पहाटे गाडीवर ती केवढी हलकी होती म्हणून सांगू. उतारावर म्हणाली, "बाजारात विकायला नेतेस का गं? नेत असलीस तर घासाघीस करू देऊ नकोस." पाण्यात मी तिला पाठीमागून धरलं होतं. ती स्वतः मोजत होती, तोंडात पाणी जात होतं आणि मोजत होती. सहा झाल्या आणि तिनं माझा हात दाबला. म्हणाली, बस. मी म्हटलं, अगं एक राहिली, सहावर कुणी थांबतं का? ती किनाऱ्याकडे बघत म्हणाली, "सातवी राहू दे. शाद्लिया येईल तेव्हा तिच्याबरोबर घेईन." एवढंच. तू मला पाण्यासाठी दोष दिलास, आणि मी एकोणीस वर्षं स्वतःला त्या न घेतलेल्या सातव्या लाटेसाठी दोष देतेय. दर औस्सूला मी जाते, माझ्या सात घेते, आणि आठव्या लाटेपाशी उभी राहते. तिच्या नावानं घ्यावी असं मनात येतं. पण ती माझी नाही. तुझ्यासाठी ठेवलेली आहे. म्हणून ती तशीच पायाजवळून निघून जाते, आणि मी वर, दीपगृहाच्या खालच्या कबरींकडे बघून म्हणते, अजून आली नाही गं.

दोर्साफ पुसतेय, डोळे नाही, कागद. एका ओळीवर पाणी पडलंय तर समजून घे. मिठाचं असणार, तिच्या हाताला ती सवयच आहे.

आता कारण. गेल्या महिन्यात हमादीनं मला मोठ्या इस्पितळात नेलं. डॉक्टर त्याच्याशी फ्रेंचमध्ये बोलला, म्हातारीला कळू नये म्हणून. पन्नास वर्षं मी फ्रेंच बायकांना जरीकाम विकलंय. 'वर्षं' आणि 'महिने' यांतला फरक मला त्यांच्या भाषेत चांगला कळतो. तो म्हणाला, महिने. आणि म्हणाला, वारा नको, ओल नको. तोच डॉक्टर नव्हता, पण तेच वाक्य. घरी आल्यावर हमादीनं हुकूम सोडला, यंदा समुद्र बंद. पण औस्सूच्या पहाटे हमादी होडीवर असणार आणि घरात फक्त सून असणार. मी तिला विचारलं. तिनं हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. पण परवा ती हातगाडीच्या चाकांना तेल घालताना मला दिसली. तेव्हा माझ्या तोंडाशी तेच आलं होतं, आईचं वाक्य: मी मागितलं असं कुणाला सांगू नकोस. मग मी तिच्याकडे पाहिलं. मी निदान पोटची मुलगी होते, तरी गल्लीनं मला सोडलं नाही. सुनेनं सासूला समुद्रात घातलं आणि सासू गेली, एवढं कळलं की या पोरीला दारात उभं राहणं अवघड होईल, आणि पहिला बोलेल तो माझाच मुलगा. तिचं कातडं पातळ आहे, शाद्लू. मासळीत मीठ जास्त म्हटलं तरी तिचे कान लाल होतात. म्हणून हे पत्र, तिच्या हातानं आणि माझ्या तोंडानं: मी मागितलं. मी, मन्नूबियानं, शुद्धीत असताना, भांडून मागितलं. हे जपून ठेव आणि हमादीला तू वाचून दाखव. मास्तरणीचं तो ऐकतो. आणि नुसतं वाचायला नको, धरायलाही ये. एका बाजूला दोर्साफ असेल, दुसरी बाजू मी कुणाला दिलेली नाही. डोळे मिटून घेतलेस तरी चालेल. मोजायचं मात्र तूच, पूर्वीसारखं ओरडून. आणि चार दोनदा म्हण. सात माझ्या होतील, आणि ती जास्तीची आईची.

खाली नाव दोर्साफनं लिहिलंय, ते मला वाचता येत नाही. त्याच्या शेजारी जरीचा टाका मी घातलाय. दिसत नव्हतं, बोटांनी चाचपून घातला. तुझ्या डाव्या बाहीवर होता तोच आहे. ताडून बघ.

तुझीच,
मन्नूबिया